हेच लिहून द्या

समोरच्यानं "नाही" म्हटलं की काकू उजवा हात पुढं करायच्या. तळवा वर, बोटं जुळवलेली, जणू कुणी त्यावर साखर ठेवणार आहे. आणि म्हणायच्या, "हेच लिहून द्या मले."

आवाज चढवायच्या नाहीत. हात मात्र मागं घ्यायच्या नाहीत. समोरचा कारकून आधी त्या हाताकडे बघायचा, मग पंख्याकडे, मग शेजारच्या टेबलाकडे. शेजारचं टेबल नेमकं त्याच वेळी कामात बुडालेलं असायचं.

सरकारी कचेरीत "नाही" म्हणायला काहीच लागत नाही. बोललेलं "नाही" चहाच्या वाफेसारखं विरून जातं. लिहिलेल्या "नाही"खाली मात्र सही करावी लागते, आणि सहीखाली हुद्दा. हे आमच्या कचेरीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. अकोल्याहून येणाऱ्या एका बाईलाही ते ठाऊक असावं, याचीच सगळ्यांना अडचण होती.

खात्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. अमरावतीला त्याचं विभागीय कार्यालय आहे, एवढं पुरे. तुम्ही कधी अशा कार्यालयाच्या व्हरांड्यात बसला असाल तर तिथला बाक तुम्हाला आठवेल. लाकडी, एका पायाखाली विटेचा तुकडा, पाठीमागच्या भिंतीवर डोक्याच्या तेलाचे डाग. आमच्या बाकावर बसायची पात्रता एकच होती: घरातलं कुणीतरी नोकरीत असताना गेलेलं असलं पाहिजे. कर्मचारी सेवेत असताना वारला तर त्याच्या घरातल्या एकाला नोकरी मिळते. तिला अनुकंपा म्हणतात. ती लगेच मिळत नाही. नाव यादीत लागतं, आणि यादी अशी सरकते की सरकलेली कळत नाही.

माझे बाबा याच खात्यात लिपिक होते. ते गेले तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. बडनेऱ्याहून सिटी बसनं यायचो, कागदांची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून बसायचो. पहिल्याच दिवशी शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोन गेलं?"

कुठून आलात, असं विचारावं तितक्या सहज. मी म्हटलं, बाबा.

"माहा माणूस," त्या म्हणाल्या, आणि फडक्यातली अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. वर ठेच्याचा गोळा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांमुळे की मिरचीमुळे ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनी ते मिरचीच्या खाती टाकलं आणि पाण्याची बाटली पुढं केली. मी काकू म्हणू लागलो. त्या मला बाबू म्हणू लागल्या, आमच्याकडे कुणाच्याही पोराला म्हणतात तसं.

काकूंचा नवरा खात्यात ड्रायव्हर होता. ड्यूटीवर असताना गेला. याच्या पुढं त्या काही सांगायच्या नाहीत. बाकावरच्या बाकीच्या बाया आपापल्या माणसाचं शेवटचं दुखणं, शेवटचं बोलणं पुन्हापुन्हा सांगायच्या. ते सांगून थोडं हलकं वाटायचं, आणि आतल्या बाबूंच्या कानावर पडलं तर पडलं, असाही हिशेब असायचा. काकू तेवढ्या वेळात गव्हातले खडे निवडावे तशा नजरेनं नोटीस बोर्ड वाचायच्या.

दोन मुलं होती. मुलगा मोठा, मुलगी धाकटी. बाप गेला तेव्हा दोघंही शाळेत, म्हणून यादीत काकूंनी स्वतःचंच नाव दिलं होतं. दहावी झालेल्या होत्या, शिपायाची जागा चालली असती. तोवर शिलाई मशीन होतं. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश. महिना दीड महिन्यातून एकदा मशीन झाकून त्या अकोल्याहून पॅसेंजर धरायच्या, मूर्तिजापूरवरून बडनेऱ्याला उतरायच्या, तिथून ऑटो. पौर्णिमा असली तर येणं पुढं ढकलायच्या, कारण पौर्णिमेला विहारात जाणं चुकवायच्या नाहीत. "सरकार काय, दुसऱ्या दिवशी बी तिथंच राह्यते," असं म्हणायच्या.

आस्थापना शाखेचे मोठे बाबू माणूस वाईट नव्हते. सौम्य बोलायचे, ताई म्हणायचे, आणि प्रत्येकाला "बघू, होईल" सांगायचे. त्यांच्या "बघू"वर किती घरं उभी होती आणि किती झुकली होती, त्यांनाही माहीत नसावं. काकूंना ते पहिल्यांदा "बघू" म्हणाले तेव्हा काकूंनी हात पुढं केला होता म्हणे. "बघू, असंच लिहून द्या." तेव्हापासून काकू दिसल्या की मोठे बाबू टेबलाखालच्या खणात काहीतरी शोधायला लागायचे.

आणि मग एका उन्हाळ्यात नवी यादी लागली.

वाळ्याच्या ताट्यांवर शिपाई पाणी मारत होता. सगळा व्हरांडा ओल्या वाळ्याच्या वासानं भरला होता. काकूंनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. माझं नाव बरंच वर आलं होतं. त्यांचं नव्हतंच. आत जाऊन विचारलं तर मोठे बाबू म्हणाले, ताई, पंचेचाळीस ओलांडले ना तुम्ही. वयाची मर्यादा आहे. नाव आपोआप कमी होतं.

काकूंनी पिशवी टेबलावर ठेवली. मी दारात उभा होतो. मला वाटलं, आता या रडतील.

"बाबूसाहेब," त्या म्हणाल्या, "मी घरी बसून म्हातारी नाही झाली. तुमच्या ह्या बाकावर झाली. यादी तुमी नाही सरकवली, अन् वय माह्यं मोजून राहिले?"

शाखेतली टाइपिंगची टकटक थांबली. मोठ्या बाबूंनी चष्मा काढून पुसला. काकूंनी लगेच दुसरी गोष्ट विचारली. माझं नाव काढलं, ठीक. माझ्या मुलीचं लावा. ती आता अठराच्या वर आहे, बी.ए. होत आलं आहे, टायपिंगची परीक्षा पास आहे. मोठे बाबू म्हणाले, एकदा दिलेलं नाव बदलून दुसऱ्याचं लावायची नियमात सोय नाही.

हात पुढं झाला.

त्या दिवशी काही मिळालं नाही. पुढच्या वेळीही नाही. त्याच दरम्यान माझी ऑर्डर निघाली. कनिष्ठ लिपिक, विभागीय कार्यालय, आस्थापना शाखा. म्हणजे बाकापासून टेबलापर्यंत दहा पावलं, आणि तेवढ्यात माणूस पलीकडचा होतो. रुजू झाल्यावर काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठलो.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "घ्या. बाबूचा बाबू झाला," असं म्हणून हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "बस खाली. तिकडं बी आपलं कोनी पाह्यजेच."

आपलं म्हणून सूट मात्र दिली नाही. पुढच्या खेपेला मोठे बाबू रजेवर होते. मी सांगितलं, काकू, अर्ज वर पाठवलाय. तळहात माझ्यासमोर आला. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मी कागद घेतला आणि लिहिलं, आपला अर्ज मार्गदर्शनासाठी वरिष्ठांकडे सादर केला आहे. त्यांनी तो उभ्यानंच वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला. "अक्षर चांगलं हाय तुह्यं," म्हणाल्या. "उत्तर बेकार हाय."

कार्यालयात नवे साहेब आले. तरुण होते, नांदेडकडचे. भेटीच्या वेळेत काकू सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी फाईल मागवली, वाचली, आणि मोठ्या बाबूंनी सांगितलं तेच सांगितलं: नाव बदलता येत नाही. काकूंनी हात पुढं केला. साहेब नवे होते, त्यांना त्या हाताची सवय नव्हती. त्यांनी स्टेनोला बोलावून तिथल्या तिथं पत्र सांगितलं आणि सही केली.

काकू बाहेर आल्या त्या खुशीत. मला बाहेर बोलावलं, कोपऱ्यावरच्या गाडीवर नेऊन दोन प्लेट गिला वडा सांगितला. दही जास्त घालायला लावलं. मी पत्र वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की आपली विनंती अमान्य करण्यात येत आहे. मी म्हटलं, काकू, हा तर नकार आहे.

"मंग? इतके दिवस त्यासाठीच येऊन राहिली ना मी," त्या म्हणाल्या. "हा कागद घेऊन नागपूरले जाता येते, बाबू. हवा घेऊन कुठं जातं मानूस?"

विहारातल्या एका बाईंची भाची नागपूरला वकील होती. काकू त्या पत्रासकट हायकोर्टात गेल्या. त्यानंतर बराच काळ आमच्याकडे आल्या नाहीत. बाकावर नवी माणसं येऊन बसली. कुणी तरी विटेचा तुकडा काढून तिथं लाकडाचा ठोकळा लावला. मोठे बाबू एकदा जेवताना म्हणाले, अकोल्याच्या बाई थकल्या वाटतं. त्यांच्या आवाजात सुटका नव्हती, काळजीच होती, असं मला वाटलं.

थकल्या नव्हत्या. कोर्टाचा आदेश आला. नियमाकडे बोट दाखवून अर्ज परत पाठवू नका, मुलीच्या नावाचा विचार करा, घरातल्या सगळ्यांचं म्हणणं ऐका आणि निर्णय द्या, असा त्याचा आशय होता. साहेबांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, कुटुंबातल्या इतरांचं ना-हरकत मागवा.

इतर म्हणजे एकच. मुलगा.

तो तोपर्यंत वरूडला गेला होता. संत्र्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. तिकडंच लग्न, तिकडंच बिऱ्हाड. अकोल्याला सणावाराला यायचा. तोवर त्यानं या नोकरीचं कधी नाव काढलं नव्हतं. पण सहीसाठी आमचं पत्र गेलं आणि आसपासच्या चार लोकांनी त्याला विचारलं, तू मोठा, तू मुलगा, आणि बापाच्या जागेवर बहीण? त्यानं ना-हरकत दिलं नाही. स्वतःचाच अर्ज पाठवला.

अकोल्याला नातेवाइकांची ये-जा सुरू झाली. काकू मला नंतर सांगत होत्या. सगळ्यांचं म्हणणं एकच: पोरगी उद्या लग्न होऊन परक्या घरी जाईल, तिच्याबरोबर नोकरीही जाईल. काकूंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "गेली तं नोकरी घेऊन जाईन. माह्यासारखी रिकाम्या हातानं तं नाही ना जानार." त्यानंतर एक मामेसासरे चहा अर्धा सोडून उठले. तो उरलेला चहा मी प्यायली, फेकून कशाला द्यायचा, असंही त्यांनी सांगितलं.

सुनावणीच्या दिवशी फाईल घेऊन मी साहेबांच्या खोलीत उभा होतो. डावीकडे काकू आणि मुलगी, उजवीकडे मुलगा. मुलीला मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. ठेंगणी, सावळी, ओढणीचं टोक मुठीत. अकोल्यात एका झेरॉक्सच्या दुकानात बसून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायची. दुसऱ्यांच्या नोकरीचे अर्ज दिवसभर भरणाऱ्या मुलीला स्वतःच्या नोकरीबद्दल साहेबांनी विचारलं तेव्हा तिचा आवाज फुटेना. मुलगा उंच होता. धुतलेला शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातांवर फळांच्या पेट्यांच्या खिळ्यांनी ओढलेले ओरखडे. तो बोलला, आणि चांगला बोलला. मी मोठा आहे. बाप ड्रायव्हर होता, मी ड्रायव्हर आहे. जागा माझी आहे. मी काही चोरी मागत नाही.

खरं तर त्यात खोटं काहीच नव्हतं.

साहेब काकूंकडे वळले. त्यांनी सरळच विचारलं, आई म्हणून तुमचं म्हणणं काय? दोघंही तुमचीच मुलं.

मला वाटलं, आता मुलाची उणीदुणी निघतील. पैसे पाठवत नाही, बघत नाही, बायकोचं ऐकतो. अशा सुनावण्यांत तेच निघतं, फायलीच्या फायली त्यानं भरलेल्या असतात. काकूंनी त्यातलं एक अक्षर काढलं नाही.

"साहेब, माहा पोरगा चांगला हाय," त्या म्हणाल्या. "मेहनती हाय. त्याच्याजवळ गाडी चालवाची कला हाय, बायको हाय, घर हाय. हिच्याजवळ मी हावो. अन् मी काई कमावत नाही. आता तुमीच सांगा कोनाले देता."

मुलानं मान खाली घातली. काकू त्याच्याकडे वळल्या. इतका वेळ त्या साहेबांशी बोलत होत्या, आता त्यांचा आवाज घरातला झाला.

"राग धराचा तं माह्यावर धर. हिच्यावर नको धरू."

तो बाहेर गेला. खिडकीतून दिसला, फाटकाशी क्षणभर थांबला, मग रस्ता ओलांडून गेला. मुलगी त्याच्यामागं निघाली होती, काकूंनी तिला मनगटाला धरून थांबवलं. दुसऱ्या हातानं त्यांनी टेबलाची कड धरून ठेवली होती. हे साहेबांना दिसलं नसावं. ते फाईलवर लिहीत होते.

काही दिवसांनी मुलगा एकटाच माझ्या टेबलापाशी आला. ना-हरकतीवर सही कुठं करायची, विचारलं. मी जागा दाखवली. त्यानं उभ्यानंच सही केली, पेन परत दिलं, आणि गेला. स्वतःचा अर्जही मागं घेतला. घरी मात्र त्यानंतर गेला नाही. संत्र्याच्या मोसमात ओळखीच्या एखाद्या ट्रकवरून एक पोतं अकोल्याला यायचं, तो यायचा नाही. काकू ती संत्री सगळ्या गल्लीत वाटायच्या. माझ्यासाठीही पिशवी पाठवायच्या. "माह्या पोराकडची हायेत," असा निरोप असायचा, जणू तो कालच येऊन ठेवून गेला.

मुलीची ऑर्डर निघाली. आमच्याच कार्यालयात, लेखा शाखेत. ती रुजू झाली त्या दिवशी काकू आल्या नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं. त्या व्हरांड्यातून त्या एकदा ताठ मानेनं चालत जाव्यात, मोठ्या बाबूंनी त्यांना खुर्ची द्यावी, असं काहीतरी माझ्या मनात होतं. मी फोन केला तर म्हणाल्या, दोन गणवेश आज द्यायचे आहेत, आणि तिथं माझं आता काय काम? मी भांडायला येत होते, भांडण संपलं.

पण संपलं नव्हतं.

आमच्या कार्यालयात परीक्षा देऊन लागलेल्यांचा एक गट होता. माणसं हुशार, कामाची. पण अनुकंपेवर लागलेल्यांना ते नावानं हाक मारायचे नाहीत. मलाही सुरुवातीला "अनुकंपा" म्हणायचे. "ए अनुकंपा, ते रजिस्टर आण." मी हसून सोडून द्यायचो, आणि काही महिन्यांनी तेही विसरले. मुलीला मात्र ते लागलं. बेरीज चुकली की "अनुकंपावाली आहे, चालायचंच." चुकली नाही तरी तेच. ती रोज अकोल्याहून ये-जा करायची, पण घरी काही सांगायची नाही. एका रविवारी भाकरी थापता थापता काकूंनी विचारलं, तुला तिथं काय म्हणतात? आईनं हे का विचारलं कोण जाणे. मुलगी रडायला लागली.

सोमवारी काकू अमरावतीला हजर. जेवणाची सुट्टी होती. लेखा शाखेत डबे उघडलेले, कुणाचं वांग्याचं भरीत, कुणाची फोडणीची पोळी. काकू दारात उभ्या राहिल्या. पदर खोचलेला. मुलीचा चेहरा पांढरा पडला. मी पलीकडून धावत आलो, कारण मला वाटलं आता मोठा तमाशा होणार.

काकू म्हणाल्या, जेवा, जेवत जेवत ऐका. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी नवऱ्याचं मरण सांगितलं.

तेव्हाचे साहेब दौऱ्यावर होते. मूर्तिजापूरच्या अलीकडे. दुपार, साहेब मागच्या सीटवर झोपलेले. गाडी चांगली वेगात. नवऱ्याच्या छातीत कळ आली. समोरून एस.टी. येत होती. त्यानं गाडी कडेला घेतली, निंबाच्या सावलीत उभी केली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवलं. साहेबांना जाग आली ती गाडी थांबल्यामुळे. त्यांच्या अंगावर ओरखडा नव्हता.

"मी हे कधी सांगितलं नाही," काकू म्हणाल्या. "सांगितलं असतं तं तुमाले माही कीव आली असती. मले कीव नको होती, नोकरी पाह्यजे होती. आता भेटली, आता सांगते. त्यानं मरता मरता तुमच्या खात्याची ड्यूटी पुरी केली. ही पोरगी त्याच्या जागेवर बसली हाय. दयेवर नाही बसली. हिले नाव हाय, नावानं हाक मारा."

परीक्षेवाल्या गटातला जो सगळ्यात जास्त बोलायचा, त्यानं डब्याचं झाकण लावलं. काकूंनी त्याला म्हटलं, "जेव ना बाप्पा. अन्न काहून टाकतं?" आणि मुलीच्या डब्यातला भाकरीचा एक तुकडा मोडून घेऊन, तो खात खात निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून मुलीला सगळे नावानं हाक मारू लागले. अगदी "ताई" जोडून. कुजबूज राहिली असेल, ती कुठं नसते. पण उघड कुणाची हिंमत झाली नाही. मलाही त्या दिवसानंतर ताठ बसायची सवय लागली. कुणी कधी विचारलं की तुम्ही परीक्षेतून लागलात का, तर मी सांगतो, बाबांच्या जागेवर आहे. पूर्वी मी विषय बदलायचो.

पुढं मुलीनं अमरावतीच्या कॅम्प भागात खोली घेतली, आईला बोलावलं. काकू चार दिवस राहिल्या आणि परत अकोल्याला गेल्या. मशीन तिकडं होतं, गल्ली तिकडं होती. "अन् तो आला कधी, तं घर बंद दिसन त्याले," असं म्हणाल्या. तो म्हणजे कोण, हे मुलीनं विचारलं नाही.

मागच्या वर्षी, मे महिन्यात, अकोल्यात कावळेही झाडाबाहेर पडत नाहीत अशा उन्हात काकू गेल्या. मशीनवर बसल्या होत्या, पाणी प्यायला उठल्या आणि पडल्या. शेजारच्यांनी सरकारी दवाखान्यात नेलं, पण त्याआधीच सगळं झालं होतं. मुलगी निरोप मिळताच पुढं निघाली होती, गाडीतून तिचा फोन आला तेव्हा मी शाखेत होतो. आम्ही पाच-सहा जण बडनेऱ्याहून मिळेल त्या गाडीनं निघालो. मोठे बाबू निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते, तेही स्टेशनवर आले. कुणी सांगितलं त्यांना, माहीत नाही. गाडीत ते एकदाच बोलले. म्हणाले, मला पस्तीस वर्षांत इतकं कुणी लिहायला लावलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा मुलगा आलेला होता. ट्रक घेऊनच आला होता, तो गल्लीच्या तोंडाशी उभा, अर्धा रस्ता अडवून. बहीण-भाऊ समोरासमोर दोन भिंतींना टेकून बसले होते. विहारातल्या भन्तेजींनी वंदना घेतली. काकूंना पांढरं नेसवलं होतं.

उचलायची वेळ झाली. मुलगी उठून पुढं आली तेव्हा एक वयस्कर गृहस्थ मायेनंच म्हणाले, ऊन लई आहे, पोरीला घरीच राहू द्या, चक्कर येईल. आणखी दोघातिघांनी मान हलवली. मुलगी थांबली. तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं.

मुलगा वाकला होता, तो सरळ झाला.

"ती समोरून धरीन," तो म्हणाला. "माह्या बराबर."

त्यानं पुढच्या बाजूला तिच्यासाठी जागा केली. स्वतः दुसऱ्या बाजूला गेला. मागं आम्ही होतो. तिरडी उचलली आणि लगेच मुलीच्या बाजूला कलली, कारण तो उंच आणि ती ठेंगणी. कुणी तरी म्हणालं, दुसऱ्या कुणाला तरी घ्या. त्यानं ऐकलं नाही. त्यानं गुडघे थोडे वाकवले, खांदा खाली घेतला, तिच्या खांद्याच्या बरोबरीला आणला, आणि तसाच, वाकूनच, त्या तापलेल्या रस्त्यावरून शेवटपर्यंत चालत गेला.